हयातीचा दाखला

संक्रांतीच्या आदल्या दिवशी वीणा चंदीगडहून खरड गावाला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसली होती आणि मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी सांभाळत होती. डब्यात तिळाच्या वड्या होत्या आणि वड्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, ब्लडप्रेशरच्या गोळ्या. बाहेर धुकं इतकं दाटलं होतं की ड्रायव्हर रस्ता बघून नव्हे, नुसत्या सवयीनं बस हाकत होता.

सांगलीकडच्या कुणी तिला पाहिलं असतं तर म्हटलं असतं, निघाली बिचारी आजारी सासूला बघायला. तर सासूबिसू काही नव्हतं. ज्यांच्याकडे ती निघाली होती त्या हरनाम कौर वीणाच्या नात्यागोत्यातल्या कुणीच नव्हत्या. वीणा ज्या घरात राहायची त्या घराच्या त्या मालकीण. आणि गंमत अशी, की ते घर त्यांनी वीणाला आणि तिच्या नवऱ्याला दहा वर्षांपूर्वीच विकलं होतं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. चंदीगडच्या त्या वसाहतीतली घरं सरकारनं लोकांना भाडेपट्ट्यानं दिलेली. खुशाल राहा, पण विकायचं नाही. आता विकायचं नाही म्हटल्यावर माणूस विकल्याशिवाय राहतो होय? लोकांनी वाट काढली. विकणाऱ्यानं पैसे घ्यायचे, किल्ली द्यायची, आणि खरेदीखताच्या ऐवजी एक कुलमुखत्यारपत्र लिहून द्यायचं, की या घराचं सगळं काही माझ्या वतीनं हा माणूस बघेल. सगळे त्याला नुसतं 'पावर' म्हणत. कागदावर मालक जुना, घरात माणूस नवा, आणि कुणाचंच काही अडत नसे. आसपासची निम्मी घरं अशीच पावरवर फिरत होती.

वीणाचा नवरा कृष्णकांत इथल्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर होता. माणूस हुशार, पण जमिनीच्या कागदांच्या बाबतीत अगदी गावाकडचा. "सातबारा कुठाय?" असं त्यानं विचारलं तेव्हा सेक्टर ३४ मधला दलाल चोप्रा पोट धरून हसला होता. सह्या झाल्या, किल्ली हातात आली, सामान लागलं, आणि मग एकदा चहा पिता पिता चोप्रानं राहिलेली गोष्ट सांगितली.

"डॉक्टरसाब, बस एक बात है. पावर तब तक, जब तक देनेवाले की साँस. बीजी का खयाल रखना."

देणारा मेला की पावर मेली. मग घर जाणार त्याच्या वारसाकडे. हरनाम कौरांचा वारस म्हणजे त्यांचा मुलगा. तो विलायतेला गेला तो गेलाच, आईला कधी दोन ओळी टाकल्या नाहीत. म्हातारीनं घर विकलं आणि खरडच्या गुरुद्वाऱ्यामागच्या आश्रमात खाट धरली.

तेव्हापासून या दोघांनी बीजींचा, म्हणजे हरनाम कौरांचा, खयाल ठेवला. कसा ठेवला म्हणून सांगू! सख्खी सून सासूच्या खोकल्याची अशी विचारपूस करणार नाही. थंडी सुरू झाली की कृष्णकांत त्यांना आठवड्यातून एकदा घरी घेऊन यायचा, कारण आपल्या जुन्या अंगणातल्या उन्हात बसल्याशिवाय बीजींना हिवाळा हिवाळा वाटत नसे. मागच्या विटांच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, सुतळीची खाट टाकायची. पायाशी कोळशाची अंगीठी. अंगाला मोहरीचं तेल लावून बीजी रजईत बसायच्या आणि शेजारी वेताच्या मोढ्यावर बसून कृष्णकांत त्यांचं बीपी बघायचा. रबरी फुग्याचा फुस फुस आवाज यायचा, मग हवा सोडल्याचा लांब सुस्कारा, मग कृष्णकांतची मान हलायची. त्यांचं बीपी जन्मात कधी जागेवर नव्हतं.

"जुग जुग जियो, पुत्तर," बीजी म्हणायच्या. आणि कृष्णकांत हसून म्हणायचा, "पहले आप, बीजी."

आता यात प्रेम किती आणि घर किती, हे वीणानं स्वतःला कधी विचारलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. गावाकडचं सगळं भावकीत वाटलं गेलेलं. जे काही होतं ते हे एवढं घर, आणि ते एका म्हातारीच्या श्वासावर टांगलेलं. एवढ्यात त्या घरांचे भाव तर असे चढले होते की आज पुन्हा घ्यायचं म्हटलं तर खरडच्या पलीकडेसुद्धा दोन खोल्या झाल्या नसत्या.

आश्रमात पोचली तेव्हा बीजींची खाट रिकामी होती आणि चादर धुवायला काढलेली.

"बीजी तो सवेरे पूरे हो गए, बहनजी," सेवादार म्हणाला.

दुपारी कृष्णकांत आला. मुलगा कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा गुरुद्वाऱ्यातल्या ग्रंथीजींनी त्याच्याकडे बघून म्हटलं, तुम्हीच दहा वर्षं मुलासारखं केलंत, अग्नी तुम्हीच द्या. कृष्णकांतनं अग्नी दिला. धुक्यात जाळ दिसेना, नुसता लालसर उजेड आणि ओल्या लाकडांचा धूर. निघताना सेवादारानं एक चिठ्ठी त्याच्या हातात दिली, मृत्यूची नोंद करून टाका म्हणून. त्यानं ती कोटाच्या खिशात घातली.

परतताना बसमध्ये वीणा रडली. आपण बीजींसाठी रडतोय की घरासाठी, हे तिला कळेना, आणि त्याची तिला फार लाज वाटली. डबा मांडीवर तसाच होता.

दैवाची चेष्टा अशी, की त्याच आठवड्यात चोप्राचा फोन आला. पावरवाल्यांची नावं कागदावर चढवून देणार, असं कचेरीनं ठरवलं होतं. ज्याची दहा वर्षं वाट पाहिली ते दार उघडलं होतं. अट एकच. मूळ मालक हयात असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडायचा.

कृष्णकांतनं फोन ठेवला. मग टेबलाशी जाऊन त्यानं आपल्या नावाचा छापील कागद काढला.

"अहो... आपण जाळून आलोय त्यांना."

"माहिती आहे मला."

"मग?"

"मग काय करू, सांग की!" त्याचा आवाज एकदम चढला आणि लगेच खाली आला. "तो पोरगा येईल. आईच्या मयताला आला नाही, पण घराला येईल. आपण कुठं जायचं? पेन्शनरांचे असले दाखले रोज लिहितो मी. एक ओळ असते, वीणा. एकच ओळ. कुणाचं काय जातंय?"

वीणाला नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. त्यानं लिहिलं, की हरनाम कौर यांना मी आज स्वतः तपासलं असून त्या हयात आहेत. खाली सही, शिक्का, तारीख. साक्षीदार म्हणून वीणानं सही केली. खरडची चिठ्ठी त्यानं गॅसवर धरून जाळली आणि राख बेसिनमध्ये सोडली.

पुढं काही दिवस काहीच झालं नाही. मग सेक्टर १७ च्या कचेरीतून बोलावणं आलं. दोघंही चांगले कपडे घालून गेले. वीणानं देवापुढे पेढे ठेवले होते, आल्यावर वाटायला.

टेबलामागचा माणूस मफलर गुंडाळून बसला होता. त्यानं फाइल उघडली आणि थोडं नाराजीनं दोघांकडे पाहिलं.

"डॉक्टरसाब, पढ़े-लिखे लोग हो. ऐसा नहीं करते."

कृष्णकांत खुर्चीत पुढं सरकला. "जी... क्या हुआ?"

"मैं परसों आपके घर गया था. जाँच के लिए. आप दोनों तो थे नहीं."

"घर को तो ताला..."

"माताजी थीं ना. पीछे आँगन में. आवाज़ देकर उन्होंने ही पीछे का दरवाज़ा खोला. बड़ी भली औरत हैं, चाय पिलाई." त्यानं पान उलटलं. "पर वो तो कहती हैं, मैंने घर बेचा ही नहीं. ये बच्चे मेरे पास रहते हैं, मेरी सेवा करते हैं, बस. पावर भी वापस ले ली. ये देखिए, अँगूठा."

पानाच्या तळाशी अंगठा उमटला होता. शाई निळी नव्हती, करडी होती. वीणानं नकळत त्यावर बोट टेकलं. बोटाला राख लागली, आणि कागद तेवढ्या जागी कोमट होता.

"देनेवाला जब चाहे वापस ले सकता है, जी," मफलरवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. "जब तक ज़िंदा है, घर उसी का."

दोघं घरी आले तेव्हा चार वाजले असतील, पण धुक्यानं उजेड आधीच गिळला होता. पुढचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत पाऊल टाकलं आणि वीणाला वास आला. मोहरीचं तेल आणि जळता कोळसा. अंगीठी तर तिनं गच्चीच्या जिन्याखाली टाकून दिली होती, गंज खात.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलचे दोन पेले उपडे घातले होते, धुतलेले, अजून निथळणारे.

स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणात उघडायची. वीणानं पाहिलं. लिंबाचं झाड अर्धंच दिसत होतं. झाडाखाली खाट होती, खाटेवर रजईचा उंचवटा, आणि पायाशी अंगीठीचा लाल ठिपका. उंचवटा हळूहळू वर जात होता, खाली येत होता. श्वास घेतल्यासारखा.

"बीपी वेख लै, पुत्तर," अंगणातून आवाज आला. नेहमीचाच आवाज, थोडा घशात अडकणारा.

"जाऊ नका," वीणा कुजबुजली. "अहो, पाया पडते... जाऊ नका."

कृष्णकांतनं बॅगेतून यंत्र काढलं. आयुष्यभर कुणीही तपास म्हटलं की तपासणारा तो माणूस; पाय आपोआप निघाले. वीणाला तो धुक्यात शिरताना दिसला, मोढ्यावर बसताना दिसला. मग नुसता आवाज. फुस... फुस... फुस... आणि तो लांब सुस्कारा. तो इतका लांबला की वीणाला वाटलं आता संपणारच नाही.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातातल्या पट्ट्याला राख लागली होती.

"किती?" तिनं विचारलं.

"एकशे वीस..." तो भिंतीला टेकला. "एकशे वीस, ऐंशी. दहा वर्षांत कधी इतकं छान नव्हतं, वीणा. अगदी नॉर्मल आहे."

देवापुढचे पेढे दुसऱ्या दिवशी तिनं बाहेर गाईला घातले. गाईनं हुंगले आणि तोंड फिरवलं.

वकिलाकडे जाऊन आले. खरं सगळं सांगायची सोय नव्हती, तेव्हा 'समजा' असं म्हणून विचारलं. वकील म्हणाला, बाई जिवंत असेल तर घर तिचं, तुम्ही तिच्या मर्जीनं राहताय. मेली असेल तर तसं सिद्ध करा. पण मेल्यावर हयातीचा दाखला कुणा डॉक्टरनं दिला असेल तर तो आधी तुरुंगात जाईल आणि घर मुलाकडे जाईल. आणि मेली म्हणून दाखवायचं काय? जळून गेलेल्या माणसाला पुन्हा मारता येत नाही. हे शेवटचं तो हसत म्हणाला, आणि हे दोघं का हसत नाहीत ते त्याला कळलं नाही.

मग वर्षं गेली. बीजींनी कुणाला कधी त्रास दिला नाही, हे सांगायलाच हवं. थंडीत अंगणात असत, उन्हाळ्यात मागच्या अंधाऱ्या खोलीत. धुकं असलं की जरा स्पष्ट दिसत. एरवी नुसता वास, पेल्याचा आवाज, आणि आशीर्वाद. जुग जुग जियो. सकाळ-संध्याकाळ जुग जुग जियो. वीणा त्या शब्दांना इतकी भ्यायला लागली की ते ऐकू येऊ नयेत म्हणून नळ जोरात सोडून उभी राहायची.

घर सोडून जावं असं तिला रोज वाटे. पण सगळा जन्म ओतला होता त्या विटांत, आणि हातात दुसरं काही नव्हतं. शिवाय कृष्णकांत हलायला तयार नव्हता. "माझी पेशंट आहे ती," तो म्हणायचा. भाडेपट्टा बीजींच्या नावावर चालू ठेवायला दर जानेवारीत कचेरी त्यांच्या हयातीचा नवा दाखला मागायची आणि तो निमूटपणे अंगणात जाऊन बीपी बघून सही करून द्यायचा. आता त्या दाखल्यात खोटं काहीच नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. बीजींचं बीपी जागेवर होतं आणि त्याचं स्वतःचं दर वर्षी चढत होतं.

पाचव्या हिवाळ्यात, मोढ्यावर बसल्या बसल्याच, तो गेला. फुग्याचा आवाज मध्येच थांबला म्हणून वीणा बाहेर धावली. रजई नीट घडी घालून ठेवलेली होती आणि खाटेवर कुणी नव्हतं.

तिनं त्याला सेक्टर २५ च्या स्मशानात नेलं. नोंद तिनं त्याच दिवशी केली. कारकुनानं दोनदा विचारलं, इतकी घाई का. तिनं दाखला स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, शिक्का बोटानं चाचपला, आणि मगच खुर्चीवरून उठली.

सांगलीची बहीण नयना फोनवर म्हणाली, "सामानबिमान काही आणू नकोस गं. घर मरू दे. तू ये फक्त."

चौथ्या दिवशी वीणा निघाली. धुकं होतंच. फाटकाशी ऑटो उभा होता. एक सूटकेस, एक पिशवी, बाकी सगळं जिथल्या तिथं सोडलेलं, पडद्यांसकट. मागचं दार लावून घ्यायला म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. कडीला हात घातला.

फुस...

तिचा हात कडीवरच राहिला.

फुस... फुस... मग तो सुस्कारा. लांब, सावकाश. खिडकीच्या काचेपलीकडे धुक्यात खाट होती, अंगीठीचा लाल ठिपका होता, आणि मोढ्यावर पाठमोरं कुणी. मानेची ती ठेवण तिला पंचवीस वर्षं पाठ होती.

"किन्ना है, पुत्तर?"

"एकशे वीस..." हळू, दमलेला आवाज. "ऐंशी."

"जुग जुग जियो." थोडा वेळ नुसता कोळशाचा तडतडाट. मग म्हातारी प्रेमानं, अगदी घरच्या माणसाची आठवण होऊन म्हणाली, "हुण वीणा दा वी वेख लै." आता वीणाचंही बघून घे, म्हणून.

मोढ्यावरची पाठ हलली. तो वळायला लागला होता.

वीणा पळाली. कडी लावली की नाही ते तिला पुढं कधीच आठवलं नाही. ऑटोवाल्याला ती एवढंच म्हणाली, "चलो, भैया... चलो, चलो."

घराचं पुढं काही झालं नाही. चोप्रानं एकदा फोन केला होता, त्याला एक गिऱ्हाईक दिसलं म्हणून. पण कचेरीत मालकीण हयात होती आणि सेवा करणारं एक जोडपं सोबत राहत होतं, त्यामुळं काही करता येत नाही, असं त्याला सांगण्यात आलं. जोडपं, असं तो म्हणाला. वीणानं फोन ठेवून दिला.

सांगलीत तिला बरं वाटलं. ऊन भरपूर, आणि धुकं नावालाही नाही. नयनाच्या घरात ती भाजी निवडायची, संध्याकाळी कट्ट्यावर बसायची. वर्ष झालं, जानेवारी आला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दोघी बहिणी तिळाच्या वड्या थापायला बसल्या होत्या. पाक हाताला लागू नये म्हणून वीणानं बाह्या वर सारल्या.

नयना तिच्या डाव्या दंडाकडे बघत राहिली. कोपराच्या वर, चांगला चार बोटं रुंद, पट्टा आवळल्याचा लाल वळ उमटला होता. ताजा. कडेला बारीक करड्या रेघा.

"अगं, सकाळी दवाखान्यात जाऊन आलीस होय?" नयना म्हणाली. "सांगून तरी जायचं. किती निघालं बीपी?"

वीणा दोन दिवस घराबाहेर पडली नव्हती.